भाऊबीजेनंतर, आक्षीच्या किनाऱ्यावर

भाऊबीज आटोपली की आमच्या घरी माळ्यावरच्या बॅगा खाली येतात. नागपूरहून समुद्र गाठायचा तर रेल्वेने आठशेहून जास्त किलोमीटर जावं लागतं, तरी दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा आठवडा आम्ही किनाऱ्यासाठीच राखून ठेवतो. ऑगस्ट-सप्टेंबरपासून उत्तरेकडचे किनारपक्षी खाली सरकू लागतात. नोव्हेंबर उजाडेपर्यंत कोकणच्या पुळणींवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांवर, ते चांगले स्थिरावलेले असतात. पावसाळ्यात बंद असलेली लाँच पुन्हा सुरू झालेली असते, ऊन सोसण्याजोगं असतं आणि दिवाळीची गर्दी ओसरू लागलेली असते. पक्षी बघायला याहून बरा काळ नाही.

यंदा मुक्काम आक्षीला. अलिबागच्या दक्षिणेला, साखरच्या खाडीवरचा पूल ओलांडला की लागतं ते गाव. सुरूचं बन, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पुढे सपाट, लांबलचक पुळण. मुरूड, जंजिरा, काशीद, हरिहरेश्वर हे सगळं एका सहलीत कोंबायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. किनाऱ्यावरचे पक्षी बघायचे तर दहा जागा एकेकदा बघण्यापेक्षा एकच जागा वेगवेगळ्या पाण्याला बघावी, हे माझं अगदी ठाम मत आहे. आणि पाणी चालतं तिथीवर. म्हणून ही हकीकतही तिथीवारच लिहिते.

तृतीया

गाडी संध्याकाळची. सामानात चिवडा, शेव, उरलेले अनारसे आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांची एक भरलेली पिशवी. जिच्या वाडीत उतरायचं तिच्यासाठी संत्री न्यायची, हा आईंचा शिरस्ता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय सत्तरीपुढे, माहेर आर्वीकडचं. लग्न होऊन नागपूरला आल्या, पण समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नातवंडं झाल्यावर. आता सर्वांत आधी तयार होऊन बसतात त्याच.

निघण्याआधी वाडीच्या काकूंना फोन केला होता. पाच तारखेला पोचतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तारीख नको ताय, तिथी सांग." मी फोन आईंच्या हाती दिला. भिंतीवरचं कॅलेंडर बघून आई म्हणाल्या, "चतुर्थी." पलीकडून लगेच उत्तर आलं, "मंग पानी दुपारी तीनला भरंल. तवा आरामात या."

वर्धा मागे पडल्यावर आईंनी मुलांना तो हिशेब शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला. मधे साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो, त्याच्यामागे पाणीही तेवढंच उशिरा. छापील तक्त्यात दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या याच गणितावर होड्या लोटल्या जातात. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, पाणी खूप आत जातं आणि खूप वर येतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा ही चढउतार कमी.

धाकट्याने वहीच्या मागच्या पानावर अष्टमीपर्यंतचा तक्ता करून टाकला. बडनेऱ्याला जेवणं झाली. अकोला आलं तेव्हा सगळे झोपले होते.

चतुर्थी

पहाटे कसारा घाटात जाग आली. दादरला उतरून टॅक्सीने गेट वे. तिथून मांडव्याची लाँच.

या तासाभराच्या प्रवासासाठी आम्ही रस्त्याने अलिबागला जात नाही. धक्का सुटला आणि मागच्या फेसावर कुरव, म्हणजे सीगल, यायला लागले. हिवाळ्यात कुरवांची डोकी पांढरी होतात, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. त्यामुळे तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव नावांवरून ओळखायला गेलं तर काहीच हाती लागत नाही. पंख बघावे लागतात. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे डाग आणि डोळ्याचं बुबुळ फिकट, तो तपकिरी डोक्याचा. पंखाची पुढची कड पांढरी आणि डोळा काळा, तो काळ्या डोक्याचा. थोरली आता नववीत आहे. कठड्याला टेकून तिने एकेक पक्षी वेगळा काढला. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर वीण करतात आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर उतरतात. हिमालयापलीकडून आलेला पक्षी आणि आर्वीहून आलेली आजी, दोघांची भेट मुंबई बंदरात!

लाँचवर बरेच जण कुरवांना पाकिटातल्या तळलेल्या गोष्टी फेकतात. मुलांना मजा वाटते हे खरं, धाकट्यालाही हात पुढे करावासा वाटला. पण मी हे होऊ देत नाही. हा पक्षी मासळीवर जगणारा. मीठ-मसाल्याच्या कुरकुऱ्यांनी त्याचं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याला परतीचा हजारो किलोमीटरचा पल्ला मारायचा असतो. काहीच न फेकता नुसतं उभं राहिलं तरी तो लाँचच्या मागे येतोच, कारण पंख्याने ढवळलेल्या पाण्यात त्याला बारीक मासळी मिळते. बघण्यासारखं तेच आहे.

तारीख होती ५ नोव्हेंबर. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अलींचा. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, पण नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथे त्यांची वनखात्यातली नोकरी झाली आणि पुढे कित्येक वर्षं ते नागपुरात राहिले. त्यामुळे आम्हाला ते आमचेच वाटतात. सालिम अलींशी नातं असलेलं गाव तर याच वाटेवर आहे. त्याबद्दल सप्तमीला.

आक्षीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण, सोलकढी. जेवून बनातून पुळणीवर गेलो तर काकूंनी सांगितल्याप्रमाणे पाणी वर आलेलं. पुळण आक्रसून सुरूच्या बुंध्यांपासून जेमतेम पन्नास पावलं उरली होती. ही वेळ पक्ष्यांच्या विश्रांतीची. त्यांचं ताट पाण्याखाली गेलेलं असतं, म्हणून कोरड्या वाळूवर थवाच्या थवा एका पायावर उभा राहतो, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. पिसं विस्कटू नयेत म्हणून ही सोय. छोटे चिखले, केंटिश चिखले (आखूड चोचीचे लहान किनारपक्षी, इंग्रजीत प्लव्हर), मधे उठून दिसणारे कुरव आणि सुरय (टर्न), आणि त्यांत लाल गाजरी चोचीचा एक धिप्पाड सुरय. तो कॅस्पियन सुरय, जगातला सर्वांत मोठा सुरय. ह्यांनी ट्रायपॉडवर दुर्बीण लावली. आमच्या नागपूरच्या तलावांवर हातातली दुर्बीण पुरते, इथे मात्र पक्षी आणि आपण यांच्यात अंतर फार असतं आणि ते अंतर राखायचंही असतं.

आईंनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. "हे तं सारे झोपून राह्यले," त्या म्हणाल्या. "उठोनच नका बाप्पा कोणी." त्या दिवशी आम्ही बनाच्या कडेलाच बसून राहिलो.

पंचमी

सहलीतला सर्वांत भरगच्च दिवस हा. ओहोटी दहाच्या सुमारास, म्हणजे उजाडल्यापासून तीन तास पाणी उतरत जाणार. पावणेसातला पुळणीवर पोचलो. पाणी मागे हटत होतं आणि त्याच्या कडेला धरून पक्षी पुढे सरकत होते.

मी मुलांना एवढंच सांगितलं, नावं नंतर, आधी कोण कसा जेवतो ते बघा.

चिखल्या धावतो, थबकतो, बघतो, वाकून टिपतो. पुन्हा धावतो. त्याचे डोळे डोक्याच्या मानाने मोठे आणि चोच आखूड. तो नजरेवर शिकार करतो. वाळूच्या पृष्ठावर किडा हलला की त्याला दिसतो. सँडरलिंग या छोट्या किनारपक्ष्याचं तंत्र निराळं. तो लाट मागे फिरली की तिच्या मागोमाग धावतो, ओल्या वाळूत चोच शिलाई यंत्राच्या वेगाने खुपसत जातो आणि पुढची लाट आली की तिच्यापुढून माघारी पळतो. त्याच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, वाळूच्या आतलं भक्ष्य त्याला दिसावं लागत नाही. कर्ल्यू या मोठ्या किनारपक्ष्याची वाकडी, लांब चोच तर वितीएवढी. खेकड्याच्या बिळात ती सबंध आत जाते. एकाच पुळणीवर प्रत्येकाचा वेगळा थर. म्हणून इतके पक्षी शेजारी शेजारी जेवू शकतात आणि भांडण फारसं दिसत नाही.

धाकटा ओल्या वाळूवर पालथा पडला होता. सँडरलिंग जिथून पळाले होते तिथले ठसे तो मोजत होता. "आई, याला मागचं बोट नाही!" त्याने ओरडायच्या ऐवजी कुजबुजून सांगितलं. खरंच, प्रत्येक ठशात तीनच बोटं, पुढे रोखलेली. सँडरलिंगला मागचं बोट नसतं. त्याच्या भाऊबंद तुतवारांना (सँडपायपर) ते असतं, याचं तेवढं गेलं. सतत धावणाऱ्या पायाला ते नसल्याने सोयच होत असावी. चिखल्यांनाही ते नसतं, हे थोरलीने पुस्तकात काढून दाखवलं, मग दोघं चिखल्यांचे ठसे शोधत पार पुढे गेली. दोन्हीत फरक कसा करायचा? चिखल्याचे ठसे धावत जातात, एका जागी दाटतात, पुन्हा धावत जातात. सँडरलिंगच्या ठशांच्या बाजूने चोचीची बारीक छिद्रं सलग चाललेली असतात. हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. मी काहीही सांगितलं नव्हतं.

पाणी आणखी उतरलं तशी पुळणीवर खेकड्यांची कामं सुरू झाली. नखाएवढे खेकडे बिळाबाहेर येऊन वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्याजोगं गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती अशा हजारो गोळ्या फाकत जातात. आई खाली बसल्या. दिवाळीत त्यांनी अंगणात काढलेल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच ते होतं, आणि त्यांनीही तेच म्हटलं. मग एका बिळाशी त्या न हलता बसल्या. खेकडा बाहेर आला. एक गोळी, दुसरी, तिसरी. दर गोळीनंतर एक पाऊल पुढे, म्हणून ओळ सरळ. सावली जराशी हलली की आत. पुन्हा बाहेर. भरतीचं पाणी ही सगळी वाळू परत सपाट करतं आणि पुढच्या ओहोटीला तो नव्याने मांडतो.

नऊनंतर लांब, पाण्याच्या कडेला काळे-पांढरे, लाल चोचीचे पक्षी दिसले. कालवफोडे, म्हणजे ऑयस्टरकॅचर. यांच्यासाठीच आक्षीला यायचं होतं. चोच चपटी, मजबूत. शिंपल्याच्या फटीत घालून तो आतला स्नायू कापतो, नाहीतर ठोकून शिंपला फोडतो. हे कसब उपजत येत नाही. पिल्लं आईबापांबरोबर राहून ते शिकतात. कालवफोड्यांच्या अलीकडे गावातल्या बायका गुडघाभर लुगडं खोचून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, उकरत होत्या. दोघांचं काम एकच, वेळ एकच, आणि एकमेकांची भीती नाही. बायका रोजच्या संथ हालचालींनी वाकून चालतात, त्यांना बघून पक्षी उडत नाही. आम्ही दुर्बिणी घेऊन उभे राहिलो की मात्र माना वर होतात. मग आम्हीही खाली बसलो.

दुपारी भरतीच्या वेळी आक्षीचा शिलालेख बघितला. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. शिलाहार राजा केशीदेवरायाला त्यात पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलं आहे. वर चंद्र-सूर्य, खाली गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेल्या शिवीचं शिल्प. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान चालावं, असा वरच्या चित्रांचा अर्थ. आईंनी हात जोडले.

षष्ठी

आजचा दिवस खाडीचा. रिक्षाने रेवदंडा, बाराएक किलोमीटर. कुंडलिका नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे पोर्तुगीजांचा रेवदंड्याचा कोट, पलीकडे कोर्लईचा डोंगर. कोट आम्ही वरवर बघितला, कारण ओहोटी साडेदहाच्या सुमारास होती आणि चिखल उघडा पडण्याची वेळ चुकवायची नव्हती.

कांदळवन लांबून बघितलं तर हिरवी भिंत दिसते. जवळ जाऊन चिखलाकडे बघायला हवं. तिवराच्या झाडाभोवती बोटभर उंचीची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात. खारट चिखलात हवा नसते, म्हणून मुळं श्वासासाठी बाहेर येतात. त्या मुळांच्या मधून निवट्या फिरत होत्या. निवटी म्हणजे मासा, पण ओहोटीला चिखलावर पुढच्या परांनी सरकत चालतो. अंग ओलं असेपर्यंत तो त्वचेतून श्वास घेऊ शकतो. दोन नर एकमेकांसमोर पाठीवरचा पर उभारून तोंडं वासून बसले होते. धाकट्याला तिथून हलवायला बराच वेळ लागला.

पक्ष्यांत लाल पायांचा टिलवा (रेडशँक) सर्वांत जागरूक. आपण दिसलो की पहिली आरोळी त्याची, आणि त्याच्या आरोळीवर सबंध खाडी उठते. म्हणून बांधामागे वाकून बसलो, मग टिलवेही निवांत झाले. एक रीफ एग्रेट, म्हणजे किनाऱ्यावरचा बगळा, उथळ पाण्यात पंख अर्धवट पसरून धावत होता, पाण्यावर सावली पाडून मासे बघत होता. काळ्या टोपीचा खंड्या एका वाळक्या फांदीवर अर्धा तास बसला. जांभळट-निळी पाठ, लाल चोच. हा पक्षी आम्हाला नागपुरात दिसत नाही. थोरलीने त्याचं चित्र काढलं, चोच नीट जमेपर्यंत तीनदा खोडलं.

अकराच्या सुमारास कोर्लईच्या बाजूने समुद्रगरुड आला. पांढरं पोट, राखी पाठ, पंख थोडे वर उचललेले. घारी आणि कावळे दोन्ही त्याच्यामागे लागले, पण तो न डगमगता खाडीवरून सरळ निघून गेला. पायात काहीतरी लांब लोंबत होतं. ह्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, साप.

पांढरी चिप्पी हे महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष, २०२० मध्ये जाहीर झालेलं. भरतीला या मुळांत मासळीची पिल्लं आसरा घेतात, लाटांचा जोर इथे मोडतो, आणि पक्षी भरतीच्या वेळी याच झाडांवर येऊन बसतात. भराव टाकून कांदळवन बुजवलेल्या जागा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आम्ही बघितल्या आहेत. बुजवलेल्या जागी टिलवा दिसत नाही, निवटी तर नाहीच नाही. मुलांनी दोन्ही बघावं असं मला वाटतं.

सप्तमी

किहीम. १९३० साली सालिम अली इथे राहत होते. मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी सुटली होती आणि घराजवळच सुगरणींची वसाहत होती. महिनोन्‌महिने त्यांनी ती निरखली आणि सुगरणीच्या संसाराचं गणित उलगडलं. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन आतबाहेर बघते, पसंत पडलं तर त्याच्याबरोबर राहते. मग तो ते पुरं करतो आणि तिची अंडी होताच दुसऱ्या घरट्याला हात घालतो, दुसऱ्या मादीसाठी. पगाराची नोकरी नाही, मोठी यंत्रसामग्री नाही. एक झाड, एक वसाहत आणि रोजची हजेरी. भारतातल्या पक्ष्यांच्या वर्तनाचा हा मोलाचा अभ्यास किहीमच्या अंगणात झाला, हे मुलांना जागेवर उभं राहून सांगायचं होतं.

नोव्हेंबरात वीण संपलेली असते. तरी एका माडावर जुनी घरटी लोंबत होती, काही पुरी, काही अर्ध्यावर सोडलेली. धाकट्याने विचारलं, अर्धी का सोडली? थोरली म्हणाली, पसंत नाही पडली. आई म्हणाल्या, "मंग त्यानं दुसरं सुरू केलं असंल." तिघांनी मिळून माडाखाली पडलेलं एक घरटं तपासलं. गवताच्या पात्यांच्या चिरफाळ्या, एकीत एक अडकवून घातलेल्या गाठी, आतल्या बाजूला मातीचा वाळलेला लेप. पाहून झाल्यावर होतं तिथेच ठेवलं.

संध्याकाळी मुलं नागावच्या पाण्यात मनसोक्त डुंबली. आम्ही कडेला बसून शहाळी प्यालो. आज पक्षी नाहीत, असं ठरवलंच होतं.

अष्टमी

भरती सकाळी सहाला, आणि दिवस भांगाचा. पाणी फार वर आलं नव्हतं. पुळणीवर थवा अजून विश्रांतीत होता, पाणी उतरण्याची वाट बघत.

साडेसातला दोन चारचाकी बग्ग्या पुळणीवर आल्या. पर्यटकांना फिरवण्यासाठी ठेवलेल्या असतात त्या. पहिली सरळ थव्यातून गेली. सगळा थवा उठला, समुद्रावर एक गिरकी घेऊन परत उतरला. पाच मिनिटांत दुसरी गेली. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा निम्मे पक्षी आलेच नाहीत.

लोकांना हा देखावा आवडतो. थवा उडाला की मोबाइल वर होतात. पण त्या पक्ष्याच्या बाजूने हिशेब मांडून बघावा. त्याला अन्न मिळतं ते फक्त ओहोटीच्या तासांत. भरतीचे तास शक्ती राखण्यासाठी. दर उड्डाणाला त्याने साठवलेली चरबी खर्च होते, आणि त्याच चरबीवर त्याला वसंतात तिबेट किंवा सायबेरिया गाठायचं असतं. २०२२ साली उपग्रहाचा टॅग लावलेला बार-टेल्ड गॉडविट या किनारपक्ष्याचं त्याच वर्षीचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियाला अकरा दिवसांत, कुठेही न उतरता, १३,५६० किलोमीटर उडून गेलं. हे बळ येतं ते निघण्याआधी निवांत खायला मिळालं म्हणून. आपल्या पुळणी म्हणजे त्यांची जेवणाची जागा आहे, आणि जेवणाऱ्याला पानावरून उठवू नये हे आपल्या घरात लहान मुलालाही सांगतात.

बग्गी चालवणारी मुलं गावातलीच होती. वाडीच्या काकू आल्या, त्यांच्याशी बोलल्या. ह्यांनी त्यांना ट्रायपॉडवरची दुर्बीण दाखवली. त्यातल्या एकाने बराच वेळ थवा बघितला. "हे रोज इथंच असतात," तो म्हणाला, "पण येवढं जवळून कधी बघितलं नव्हतं." भरतीच्या वेळी थवा बसतो तो तुकडा सोडून बग्ग्या नागावच्या अंगाला वळवायच्या, असं त्यांच्यात ठरलं. आठ वाजता बग्ग्या तिकडे गेल्या. साडेआठपर्यंत उरलेले पक्षी परतले, कालवफोडे सगळ्यांत शेवटी. काकूंनी त्या मुलाचा नंबर घेऊन ठेवला. सुट्ट्यांच्या दिवसांत भरतीची वेळ त्या त्याला आदल्या रात्री कळवणार आहेत.

दुपारची लाँच, रात्रीची गाडी. कल्याण यायच्या आत थोरलीने सगळ्या याद्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवल्या. ज्या चिखल्यांबद्दल खात्री नव्हती तिथे तिने 'चिखल्या, जात अनिश्चित' एवढंच लिहिलं.

पुढच्या दिवाळीत कुठे, यावर डब्यात वाद झाला. ह्यांना दापोलीकडचं आंजर्लं बघायचं आहे. थोरलीला ओडिशातलं चिलिका सरोवर, भारतातल्या पहिल्या रामसर स्थळांपैकी (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांपैकी) एक, १९८१ चं, आणि तिथल्या मंगलाजोडीत एके काळचे शिकारी आता पक्ष्यांची राखण करतात, पर्यटकांना होडीतून फिरवतात. धाकट्याला परत आक्षी हवी आहे, निवट्यांसाठी रेवदंडाही. आईंनी चिलिकेच्या बाजूने मत दिलं, कारण पुरी जवळ आहे आणि नागपूरहून पुरीला थेट गाडी जाते. मग त्यांनी विचारलं, "पण पूर्वेच्या समुद्रालेबी तिथीची पाऊणपटच लागते काय?" उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. थोरलीने वहीत प्रश्न लिहून घेतला आहे, आणि चिलिकेला ओडियाभाषक होडीवाल्याला तो विचारायचं काम आईंकडे दिलं आहे.